भक्तिपटाचा गल्ला: कुंभकोणमच्या निमित्ताने
तमिळनाडूत चित्रपट-वितरणासाठी राज्याचे जे विभाग पाडले गेले आहेत, त्यांपैकी तिरुची-तंजावूर विभागात कुंभकोणम मोडते. आणि महानगरे, मध्यम शहरे व त्यांखालची गावे अशी ए, बी, सी केंद्रांची जी प्रतवारी या धंद्यात रूढ आहे, तिच्यात अशा शहराची गणना बहुधा मधल्या केंद्रांत होते. ‘मिनिमम गॅरंटी’ देणारा, म्हणजे चित्रपट चालो वा पडो, परत न मिळणारी ठरावीक रक्कम निर्मात्याला आधीच मोजणारा वितरक नट कोण हे तर पाहतोच, पण चित्रपटाचा प्रकार कोणता आणि तो कोणत्या केंद्रांत चालेल, याचाही हिशेब करतो.

आदि कुंभेश्वर, सारंगपाणी आणि दर बारा वर्षांनी महामहमचा मेळा भरणारे तीर्थ ज्या शहरात आहे, त्या मुलखात भक्तिपट बारमाही चालावा, असे कोणालाही वाटेल. तमिळ चित्रपटाचा इतिहास मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. बालपणीची काही वर्षे याच शहरात काढलेले एम. जी. रामचंद्रन नायक म्हणून नावारूपाला आल्यावर पौराणिक भूमिकांपासून दूर राहिले आणि ‘नाडोडी मन्नन’ (1958) सारख्या राजा-राणीच्या कथांतून त्यांनी आपला प्रेक्षक बांधला. उलट ‘पराशक्ती’त (1952) देवळातल्या पुजाऱ्याच्या दुष्कृत्यावर तुटून पडणारे शिवाजी गणेशन ए. पी. नागराजन यांच्या ‘तिरुविळैयाडल’मध्ये (1965) साक्षात शिव झाले, आणि देवाधर्मावर टीका करणारी द्रविड चळवळ 1967 च्या सत्तांतराकडे वेगाने निघालेली असतानाच त्या चित्रपटाने रौप्यमहोत्सव साजरा केला. या यशाचे श्रेय केवळ भाविकतेला देणे अपुरे ठरेल. राजाने जाहीर केलेल्या हजार मोहरांसाठी हळहळत, देवळात एकटाच स्वतःशी बोलत बसलेला दरिद्री कवी तरुमी, म्हणजे नागेश, कवीच्या वेषात आलेल्या शिवाला प्रश्नांमागून प्रश्न विचारून शेवटी स्वतःच थकतो. हा प्रसंग निखळ विनोदाचा आहे, आणि पुराणकथेत अशी मिसळ करण्याचे धैर्य हेच नागराजन यांचे खरे सामर्थ्य होय.

पुढे ‘अम्मन’पट, म्हणजे छळ सोसणाऱ्या स्त्रीच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या देवीचे चित्रपट, यांनी हा वारसा चालवला; रामा नारायणन यांचे ‘राजकाली अम्मन’ आणि ‘पाळयत्तु अम्मन’ हे 2000 सालचे. त्यानंतर हा प्रकार ओसरला असे म्हटले जाते, पण वस्तुतः त्याची जागा भय-विनोदपटाने घेतली. राघव लॉरेन्स यांच्या ‘कांचना’त (2011) अन्यायाने मारली गेलेली व्यक्ती नायकाच्या अंगात येऊन सूड घेते, तर सुंदर सी. यांच्या ‘अरण्मनै 4’ (2024) या त्या वर्षी चांगला गल्ला जमवणाऱ्या चित्रपटाचा शेवट खुशबू आणि सिमरन यांच्या देवीनृत्याने रंगतो. अंगात येणे, अन्यायाचे निवारण आणि देवीचा कौल ही सारी सामग्री जुनीच आहे. मराठीत संतपटाचे असे रूपांतर झाले नाही: प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, पण त्याचा वारसा अन्य लोकप्रिय प्रकाराने क्वचितच उचलला, ही खेदाची गोष्ट आहे.

व्यापारी नोंदींत मात्र ‘अरण्मनै 4’ भयपटांच्या खात्यात जमा होतो, आणि ‘मूकुत्ति अम्मन’ हा उघड देवीपट 2020 च्या दिवाळीत थेट ओटीटीवर आल्याने तमिळनाडूच्या चित्रपटगृहांत त्याच्या प्रेक्षकांची मोजदादच झाली नाही. तेव्हा या नोंदींवरून भक्तिपटाचा प्रेक्षक आटला असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे.