ख्रिस्तपुराणाचे मार्सडेन हस्तलिखित : अलंकार आणि पाठ

१

मध्ययुगीन ख्रिस्ती हस्तलिखित म्हटले की अभ्यासकाच्या दृष्टीसमोर प्रथम उभे राहते ते सुवर्णरंगांनी मढविलेले चर्मपत्र. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिस्फार्न बेटावर इ. स. ७०० च्या सुमारास सिद्ध झालेली शुभवर्तमानांची पोथी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या लॅटिन अक्षरांभोवती गुंफलेल्या वेली, पशुपक्षी आणि गाठींचे विणकाम पाहून कलेचे इतिहासकार थक्क होतात. भाषेच्या अभ्यासकाची दृष्टी मात्र त्या पोथीतील निराळ्याच गोष्टीवर खिळते. दहाव्या शतकात ऑल्ड्रेड नावाच्या धर्मोपदेशकाने लॅटिन ओळींच्या वरच्या मोकळ्या जागेत प्राचीन इंग्रजीतील प्रतिशब्द बारीक अक्षरांत लिहून ठेवले. शुभवर्तमानांचे इंग्रजीतील सर्वांत जुने उपलब्ध रूप ते हेच. सोन्याचा मान लॅटिनला आणि ओळींमधली अरुंद जागा देशभाषेला, अशी ही वाटणी आहे.

मराठीच्या वाट्यास असे सुवर्णालंकृत ख्रिस्ती हस्तलिखित आलेले नाही. जे आले, ते फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखित. मार्सडेन हस्तलिखित या नावाने ते ओळखले जाते आणि लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेच्या ग्रंथालयात आहे. त्याची ख्याती चित्रांवर उभी नाही. ती उभी आहे लिपीवर आणि शब्दांवर. लिंडिस्फार्नच्या पोथीत जे कार्य रंग करतात, ते या पोथीत शब्दांची निवड करते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे मान्य केल्यास या हस्तलिखिताला लावले जाणारे 'मूळ' आणि 'शुद्ध' हे शब्द पुन्हा तपासून घ्यावे लागतात. ती तपासणी हाच या लेखाचा विषय आहे.

२

प्रथम इतिहास थोडक्यात पाहू. स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. त्या देशातील मठ राजाज्ञेने बंद होऊन तेव्हा दहाच वर्षे झाली होती व मठांतील पोथ्यांची वाताहत झाली होती. कॅथलिक पंथाला मायदेशी थारा न उरल्याने ते रोमला गेले, जेझुइट संघात दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, त्यांचे वास्तव्य गोव्यातच, बहुतांशी साष्टी प्रांतात, होते. आपल्या भावाला १५८३ साली लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे, असे त्यांनी नमूद केले. तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया घातला जाण्यापूर्वी दोनशे वर्षे केलेले हे निरीक्षण भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांची ओळख पटविण्यास पुरेसे आहे. त्यांनी रचलेले कोंकणीचे व्याकरण १६४० साली, त्यांच्या पश्चात, रायतूर येथे छापले गेले.

ख्रिस्तपुराण १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू आहेत. एकंदर ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या आसपास भरते. या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांच्या वापराविरुद्ध आज्ञापत्र काढले आणि त्यानंतर अशा ग्रंथांच्या मुद्रणाला वाव राहिला नाही. ग्रंथ टिकला तो नकलून घेणाऱ्यांच्या हातांनी आणि गाणाऱ्यांच्या कंठांनी, गोव्यात आणि दक्षिणेकडे मंगळूरपर्यंत पसरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत. युरोपात मुद्रणकलेने हस्तलिखिताचे युग संपविले. गोव्यात मुद्रित ग्रंथ नाहीसा झाला आणि हस्तलिखिताने त्याला वाचविले. हा उलटा क्रम ध्यानी ठेवल्यावाचून ख्रिस्तपुराणाच्या पाठाविषयी काही बोलणे धोक्याचे आहे.

रोमन लिपीतील हस्तलिखितांवरून जोसेफ साल्दान्हा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथाची आवृत्ती काढली. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तोच पाठ देवनागरीत उतरवून पुण्यास प्रसिद्ध केला. दरम्यान १९२३ साली मराठी संतवाङ्मयाचे अनुवादक जस्टिन ॲबट यांनी लंडनमधील देवनागरी हस्तलिखिताकडे विद्वानांचे लक्ष वेधले होते. विल्यम मार्सडेन या प्राच्यविद्यापंडिताच्या संग्रहातून ते तेथे आले होते. तो संग्रह मार्सडेन यांनी १८३५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिलेला होता. ॲबट यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच या हस्तलिखिताला 'मूळ देवनागरी पाठ' म्हटले. वादाचे बीज या 'मूळ' शब्दात आहे.

३

दोन्ही परंपरांत कथा तीच, ओवीही तीच. भेद आहे तो मुख्यतः धर्मपरिभाषेत. रोमन परंपरेत पोर्तुगीज व लॅटिन धर्मसंज्ञा जागोजाग आढळतात. मार्सडेन हस्तलिखितात त्यांच्या जागी बहुधा संस्कृतोद्भव शब्द येतात. त्यामुळे देवनागरी पाठ मराठी वाचकाला अधिक ओळखीचा वाटतो, त्याच्या कानाला गोड लागतो आणि 'हाच खरा स्टीफन्स' असे म्हणण्याचा मोह होतो. अनेक अभ्यासकांना तो मोह आवरलेला नाही.

या मोहाला काही आधार आहे, हे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. स्टीफन्स यांना देवनागरीचे महत्त्व पटलेले होते. १६०८ साली संघाच्या मुख्याधिकाऱ्यांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशाच्या भाषेत आणि लिपीत ग्रंथ छापण्याची आपली जुनी इच्छा व्यक्त केली आहे. अडचण खिळ्यांची होती. युरोपीय लिपीला चोवीस साचे पुरतात, येथील लिपीला सहाशेच्या घरात लागतील, असा हिशेब त्यांनी मांडला आहे. म्हणजे रोमन लिपी ही त्यांची आवड नव्हे, मुद्रणशाळेची निकड होती. शिवाय या ग्रंथाची मांडणीच पुराणाची आहे. जुनी पुराणे सुटली, त्यांच्या जागी काही द्या, अशी मागणी साष्टीतील एक ब्राह्मण पाद्रीपाशी करतो आणि त्या मागणीतून ग्रंथ उभा राहतो. अशा ग्रंथाला देवनागरी पोथीचे रूप शोभून दिसते.

परंतु शोभणे आणि मूळ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कवीला देवनागरी मुद्रण हवे होते, यावरून अमुक एक देवनागरी प्रत त्याच्या हातून उतरली असे सिद्ध होत नाही. शब्दांविषयी तर अनुमान दोन्ही बाजूंनी करता येते. कवीने प्रथम संस्कृत संज्ञा योजल्या असतील आणि मुद्रणास संमती मिळविताना त्या बदलून पोर्तुगीज संज्ञा आल्या असतील. किंवा कवीने पोर्तुगीज संज्ञाच योजल्या असतील आणि पुढे एखाद्या विद्वान लेखनिकाने त्यांना संस्कृत वेष चढविला असेल. पूर्वेकडील मिशनांत परकी धर्मसंज्ञा राखण्याकडे कल होता, हेही विसरून चालणार नाही. जपानमध्ये फ्रान्सिस झेवियर यांनी परमेश्वरासाठी प्रथम तेथील 'दाइनिची' हा बौद्ध शब्द घेतला. त्याने होणारा अर्थविपर्यास ध्यानी येताच तो टाकून 'देउस' हा लॅटिन शब्द स्वीकारला. उलट स्टीफन्स स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्यास कचरत नाहीत. एकाच कवीच्या ठायी दोन्ही प्रवृत्ती संभवतात. एवढ्यावरून निर्णय होत नाही.

४

यापुढे एका गृहीताची परीक्षा करणे अवश्य आहे. संस्कृत शब्द म्हणजे मराठीचा अलंकार आणि पोर्तुगीज शब्द म्हणजे तिच्यावरचा डाग, असे ते गृहीत आहे. ते पाठचिकित्सेचे नव्हे, रुचीचे आहे आणि भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. जुन्या मराठीत अकारान्त पुल्लिंगी नामाची प्रथमा उकारान्त होते : देवु, रामु, वृक्षु. पोर्तुगीज नामांच्या शेवटचा आघातहीन ओकार उच्चारात उकाराकडे झुकतो. त्यामुळे 'क्रिस्तु' हे रूप जुन्या मराठीच्या पंक्तीत पाहुण्यासारखे बसत नाही. घरच्या माणसासारखे बसते आणि घरचे विभक्तिप्रत्यय घेऊन वावरते. ज्या शब्दाला भाषेची रूपव्यवस्था असे आपलेसे करते, त्याला केवळ जन्मस्थानावरून परका ठरविणे योग्य नव्हे.

स्वतः स्टीफन्स यांचे धोरणही शुद्धतेचे नव्हते. निव्वळ मराठी सामान्य श्रोत्याला अवघड जाईल म्हणून आपण तीत स्थानिक बोलीचे शब्द मिसळले, अशा आशयाचे स्पष्टीकरण ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत येते. हाच कवी पहिल्या पुराणाच्या आरंभी मराठीला रत्नांतील हिऱ्याची, फुलांतील मोगऱ्याची, परिमळांतील कस्तुरीची आणि पक्ष्यांतील मोराची उपमा देतो. ही उपमामाला एकेकटी पाठ करून तिच्याकडे भाषेच्या सोवळेपणाचे प्रमाणपत्र म्हणून पाहणे, हा कवीवर अन्याय आहे. ज्या भाषेची त्याने स्तुती केली, ती मिश्र, बोलती आणि साष्टीतील श्रोत्यांना कळणारी भाषा होती.

याच काळी आपल्या धाराशिव जिल्ह्याला लागून असलेल्या आंबेजोगाईत दासोपंत (१५५१–१६१५) लिहीत होते. स्टीफन्स यांच्याहून ते वयाने दोनच वर्षांनी लहान. त्यांनी पंचीकरणाचा विषय सुमारे २४ हात लांब आणि अडीच हात रुंद पासोडीवर ओव्या व आकृत्या यांच्या साहाय्याने उतरविला. तेथे आकृती ही शोभा नव्हे; विषय मांडण्याचे ते साधन आहे. वस्त्र, आकृती आणि ओवी यांतील एक काढले तर उरलेली दोन लंगडी पडतात. मार्सडेन हस्तलिखितातील संस्कृत परिभाषेकडेही याच दृष्टीने पाहावे. परक्या धर्माची कथा पुराणाच्या कोंदणात बसविणे हे तिचे काम आहे. ते कोंदण कवीने घडविले की पुढच्या एखाद्या हाताने, हा प्रश्न महत्त्वाचा खरा. परंतु दुसरा हात सिद्ध झाला तरी त्या कारागिरीचे मोल कमी होत नाही. ऑल्ड्रेडचे इंग्रजी शब्द पोथीनंतर अडीच शतकांनी आले. म्हणून कोणी ते खरवडून काढीत नाही.

५

मग निर्णय कशाने व्हावा? अभिरुचीने नव्हे, पाठातील अंतर्गत पुराव्याने. प्रस्तुत लेखकास तीन कसोट्या उपयुक्त वाटतात.

पहिली यमकाची. स्टीफन्स यांच्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असते. चौथा मोकळा असतो. चरणाच्या मध्यभागी किंवा चौथ्या चरणात शब्द बदलणे सोपे असते. यमकस्थानी मात्र एक शब्द बदलला की उरलेले दोन चरणही हलवावे लागतात. तेव्हा पोर्तुगीज संज्ञा ज्या ओव्यांत यमकस्थानी आली आहे, त्या सर्व ओव्या काढून मार्सडेन हस्तलिखितात त्यांचे काय झाले ते पाहावे. जेथे यमक मोडले किंवा ओढून आणले, तेथे बदल त्या बाजूने झाला असे समजावे. हीच परीक्षा उलट बाजूने, संस्कृत संज्ञा यमकस्थानी असलेल्या ओव्यांसाठी, करावी.

दुसरी कसोटी लेखनदोषांची. गोव्याच्या रोमन लेखनपद्धतीत मूर्धन्य वर्ण अक्षर दुहेरी लिहून दाखवीत. ऱ्हस्वदीर्घाचा भेद मात्र नियमाने दाखवीत नसत. देवनागरी प्रत रोमन प्रतीवरून उतरविली असेल, तर लेखनिकाचे स्खलन नेमके अशाच संदिग्ध जागी सापडले पाहिजे. देवनागरीतील सदृश अक्षरांच्या गोंधळातून झालेल्या चुका अधिक असतील, तर त्या प्रतीमागे दुसरी देवनागरी प्रत होती असे अनुमान निघेल.

तिसरी कसोटी रूपविचाराची. संज्ञा बदलली की तिचे लिंग बदलण्याचा संभव असतो; मग विशेषण व क्रियापद यांनाही बदलावे लागते. घाईत एखादे विशेषण जुन्याच लिंगात राहून जाते. असा विसंवाद ज्या परंपरेत अधिक, ती परंपरा उत्तरकालीन. कवी स्वतःच्या रचनेत अशी चूक क्वचित करतो. दुरुस्ती करणारा ती वारंवार करतो.

या तिन्ही कसोट्यांना समग्र पाठाची आवश्यकता आहे. वेच्यांवर त्या लावता येत नाहीत. कॅरिदाद द्रागो यांनी १९९६ साली आणि नेल्सन फलकाव यांनी २००९ साली देवनागरीत प्रसिद्ध केलेल्या आवृत्त्यांमुळे ग्रंथ वाचकांच्या हाती आला, ही मोठीच सोय झाली. परंतु पाठनिर्णयासाठी रोमन आणि देवनागरी हे दोन्ही पाठ एका पृष्ठावर, ओवीसमोर ओवी, असे मांडणे अगत्याचे आहे. पदव्युत्तर वर्गात ख्रिस्तपुराण बहुधा मराठीच्या स्तुतीपुरते शिकविले जाते. त्याऐवजी एकच अवस्वरू दोन्ही पाठांत समोर ठेवून वरील कसोट्या विद्यार्थ्यांकडून लावून घेतल्या, तर पाठचिकित्सा, लिपिविचार आणि शब्दसिद्धी हे तिन्ही विषय एका उदाहरणात शिकता येतील.

'मूळ' हा शब्द मार्सडेन हस्तलिखिताला तूर्त लावू नये. 'देवनागरी परंपरेचे साक्षीपत्र' हे नाव त्याला अधिक साजेल. असे म्हटल्याने त्याचे महत्त्व घटत नाही. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने, मग तो कवी असो की लेखनिक, आपल्या ग्रंथाला कोणता शब्दालंकार योग्य मानला, याचा हा लेखी पुरावा आहे. लिंडिस्फार्नच्या पोथीत देशभाषेला लॅटिन ओळींच्या फटीत जागा मिळाली होती. येथे ती संपूर्ण पृष्ठ व्यापून बसली आहे आणि परिभाषाही तिनेच निवडली आहे. ती निवड प्रथम कोणत्या हाताने केली, हे ठरविण्याचे काम आता मराठीच्या अभ्यासकांचे आहे.