दक्षिणेकडे पाठ

मराठी हौशी खगोलछायाचित्रकारांचं काम गेल्या काही वर्षांत इतकं सुधारलं आहे, की त्याबद्दल तक्रार करणं कृतघ्नपणाचं वाटावं. तरीही एक तक्रार आहे. चित्रं चांगली असतात, पण ती कुठून काढली हे त्यांच्याकडे पाहून कळत नाही. मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, घोड्याचं मुंडकं, कृत्तिकांभोवतीची निळसर धूळ. पुण्यातल्या गच्चीवरून, लातूरच्या शेतातून किंवा जर्मनीतल्या एखाद्या अंगणातून काढलेली ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली तर फरक फक्त उपकरणांच्या किमतीचा दिसतो. विषयांची यादी एक, चौकट एक, रंगही तेच. ही यादी आपण केलेली नाही. ती ४० ते ५० अंश उत्तर अक्षांशावर राहणाऱ्या लोकांनी त्यांच्या आकाशासाठी केली आणि दुर्बिणीबरोबर ती आपल्याकडे आली.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीचं उदाहरण घेऊ. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा परिसर, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं, गोदावरीवरचं धरण एवढी या गावाची सर्वसाधारण ओळख. आकाशाकडे कॅमेरा लावणाऱ्याला त्याची दुसरीच ओळख महत्त्वाची. नांदेड शहर इथून उत्तर-ईशान्येला आहे, त्यामुळे शहराचा उजेड त्याच बाजूला पसरतो. लातूर रस्त्याने पुढे लोहा-कंधारकडे, म्हणजे दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला, इतकं मोठं शहर जवळपास नाही. आता या गावाच्या आकाशात ध्रुव फक्त १९ अंशांवर असतो. हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढा, म्हणजे बहुधा एखाद्या बाभळीच्या नाहीतर इमारतीच्या मागे आणि वर शहराच्या उजेडात. देवयानी नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्याच बाजूने वर येते. सप्तर्षींजवळच्या एम ८१ आणि एम ८२ या दीर्घिका तर उत्तरेलाच राहतात. तरी कॅमेरे तिकडेच रोखलेले. दक्षिण ही यमाची दिशा म्हणून आपल्याकडे घराचं दार तिकडे ठेवत नाहीत, पण दुर्बिणीनेही ते पाळायचं काही कारण नाही.

दक्षिणेला काय आहे? नरतुरंगातली दीर्घिका, एनजीसी ५१२८, मध्यभागी काळ्या धुळीचा जाड पट्टा असलेली. जेम्स डनलॉपने १८२६ साली ती ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटाहून पाहिली. ती विष्णुपुरीच्या क्षितिजापासून २८ अंश वर येते. लंडन-बर्लिनला कधी उगवतच नाही. त्याच भागातला ओमेगा सेंटॉरी. हा खरं तर तारकागुच्छ, पण एखाद्या गिळंकृत झालेल्या लहान दीर्घिकेचा तो गाभा असावा असं मानतात, म्हणून त्याला या यादीत घ्यायला माझी हरकत नाही. तो २३ अंशांपर्यंत चढतो. अगस्त्याच्या पूर्वेकडे, जुन्या नौका समूहाच्या शिडांत, वेला हा अतिनवताऱ्याच्या स्फोटाचा अवशेष पसरलेला आहे. अकरा-बारा हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्फोटाचे धागे आज आठ अंशांवर, म्हणजे ओळीने ठेवलेल्या सोळा पौर्णिमेच्या चंद्रांएवढ्या पट्ट्यावर दिसतात. तो २६ अंशांपर्यंत येतो. आग्नेय क्षितिजावरून पहाटे चढणारा दक्षिण मुकुटातला धूलिमेघ ३४ अंश, एम ८३ ही समोरून दिसणारी सर्पिल दीर्घिका ४१ अंश. मराठी चित्रांत यातलं किती दिसतं? ओमेगा सेंटॉरी अधूनमधून. वेला जवळजवळ नाहीच.

यात ऋतूचा अडथळा खरा आहे, तो झटकून टाकता येत नाही. आकाशगंगेचा गाभा जेव्हा संध्याकाळी सर्वांत उंच येतो तेव्हा मराठवाड्यावर पावसाळी ढग असतात. तो हवा असेल तर मार्च-एप्रिलच्या पहाटे उठावं लागतं. वेला जानेवारीच्या अखेरीस मध्यरात्री सर्वांत उंच येतो. तेव्हा हवा कोरडी असते, पण जलाशयाच्या काठाला भिंगावर दव धरतं आणि दवपट्टी नसेल तर तासाभरात सगळं धूसर होतं. नरतुरंगाची पाळी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर दुपारी चाळिशी गाठलेली असते, रात्री पारा २८-२९ अंशांखाली उतरायला तयार नसतो आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये उष्णतेमुळे उगाचच प्रकाश असल्यासारखा गोंगाट वाढतो. साधारण सहा-सात अंशांमागे तो दुप्पट होतो. म्हणजे जानेवारीच्या १४ अंशांच्या रात्री जे चित्र स्वच्छ निघालं, त्याच कॅमेऱ्यात एप्रिलमध्ये हा गोंगाट चौपट-पाचपट. थंड करता येणारा कॅमेरा भोवतालच्या तापमानाखाली ३०-३५ अंश जातो, त्याला हे फारसं जाचत नाही. साध्या डीएसएलआरवाल्याने डार्क, म्हणजे हा गोंगाट वजा करण्यासाठी भिंगाला झाकण लावून घेतलेल्या काळ्या चौकटी, त्याच रात्री, त्याच उकाड्यात घ्यायला हवेत. हिवाळ्यात घेतलेले जुने डार्क उन्हाळ्याच्या चित्रांना लावायची आळशी सवय बरीच दिसते आणि ती काळ्या आकाशात लालसर डागांनी उघडी पडते.

उपकरणांबद्दल थोडक्यातच, कारण त्यांचं कौतुक भरपूर झालंय. हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातल्या तेजोमेघाचं पहिलं छायाचित्र घेतलं, तेव्हा ५१ मिनिटं दुर्बीण ताऱ्यामागे फिरवत ठेवावी लागली. १८८८ च्या डिसेंबरात आयझॅक रॉबर्ट्स या हौशी माणसाने, जो व्यवसायाने बांधकाम ठेकेदार होता, देवयानीचं असं चित्र घेतलं की तिचे सर्पिल हात पहिल्यांदा नीट दिसले. आज ५० मिलिमीटर भिंगाची सीस्टारसारखी यंत्रं चांगल्या मोबाईलच्या किमतीत मिळतात. ती गच्चीत ठेवायची, मोबाईलवर नाव निवडायचं. दहा-दहा सेकंदांच्या सुट्या चौकटी यंत्र स्वतःच घेतं, एकावर एक रचतं आणि चित्र हातात देतं. जाणकार यावर नाक मुरडतात. मला ते पटत नाही. शाळेतल्या मुलाला देवयानी स्वतःच्या गच्चीवरून दिसणं ही मोठी गोष्ट आहे. माझा आक्षेप वेगळा: ‘आज रात्रीसाठी उत्तम’ म्हणून यंत्र जी नावं सुचवतं तीच यादी पक्की होत जाते. छायाचित्रकाराचं पहिलं काम विषय निवडणं, आणि तेच त्याने यंत्राच्या हवाली केलं.

एकसारखेपणाचं दुसरं कारण रस्त्यावर आहे. जुने पिवळे सोडियमचे दिवे मुख्यतः एकाच रंगाचा उजेड टाकत, फिल्टर तेवढा पट्टा कापून टाकी. त्यांच्या जागी पांढरे एलईडी आले. त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला, त्यामुळे कापायचं काय हेच उरलं नाही. आकाश एका प्रतीने (तेजस्वितेच्या मापातल्या एका पायरीने) उजळलं की तेवढ्याच दर्जाच्या चित्राला जवळपास अडीचपट वेळ लागतो. यातून वाट काढायला हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटर आणि ऑक्सिजनच्या ५०१ नॅनोमीटरजवळचा प्रकाश तेवढा आत सोडणारे फिल्टर आले. ते उत्सर्जन तेजोमेघांना चालतात, कारण त्यांचा प्रकाश अशाच ठरावीक रेषांत असतो. दीर्घिका, परावर्तन तेजोमेघ, काळी धूळ यांचा प्रकाश सगळ्या रंगांत असतो, तिथे हे फिल्टर फारसे उपयोगी पडत नाहीत. म्हणून शहरातला माणूस हळूहळू लाल तेजोमेघांकडे सरकतो आणि दीर्घिका मागे पडतात. ती सक्ती आहे, आवड नव्हे. विष्णुपुरीच्या दक्षिणेला अजून ती सक्ती नाही. तिथूनही फिल्टर लावून पुन्हा मृगच टिपणाऱ्याने आपल्या हातची मोकळीक वाया घालवली असं मी म्हणेन.

रंगांकडे येतो. हबल दुर्बिणीने १९९५ साली गरुड तेजोमेघातले ‘निर्मितीचे स्तंभ’ दाखवले तेव्हा गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. कुठला वायू कुठे आहे हे कळावं म्हणून. पुढे तो शास्त्रीय संकेत सजावट बनला. हिरवा पुसून सोनेरी-निळं करायची रीत पडली आणि आज निम्म्या तेजोमेघांवर एकच मोरपंखी झाक आहे. रंग वाढवणं म्हणजे खोटेपणा, असं मात्र नाही. पुण्याच्या प्रथमेश जाजूने २०२१ साली, सोळाव्या वर्षी, पन्नास हजारांवर फ्रेम रचून केलेलं चंद्राचं चित्र गाजलं. त्यातले निळे-तांबूस पट्टे डोळ्यांना तसे दिसत नाहीत, पण खनिजांमधला जो फरक खरोखर आहे तोच त्याने ठळक केला होता. आहे ते वाढवणं आणि नाही ते घालणं यांतली रेषा तिथे पाळली गेली. अंधूक तपशील कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘धारदार’ करणारी साधनं २०२२ नंतर सरसकट आली आणि ही रेषा पुसट झाली. निकालात दिसणारा धागा आकाशातला की सॉफ्टवेअरच्या सवयीतला, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

म्हणून चित्राखालच्या ओळी महत्त्वाच्या. किती तास, कुठून, कोणता फिल्टर, काय काय केलं. आपल्या दिवाळी अंकांत आणि प्रदर्शनांत यांपैकी बहुतेक काही छापलं जात नाही. ‘विश्वाचं विराट रूप’ असा मथळा मात्र हमखास असतो. हौशी माणसाच्या नोंदीचं मोल काय, याचं उत्तर देवयानीनेच दिलं. कोट्यवधी वेळा टिपलेल्या त्या दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशातली एक भलीमोठी फिकट कमान आहे हे २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं. शोधणारे यान सेंटी, मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर हे हौशी लोक. त्यांनी तीच जागा वेगळ्या रेषेत, शंभराहून अधिक तास पाहिली आणि सगळं नोंदून ठेवलं.

अशा कंटाळवाण्या चिकाटीची परंपरा मराठवाड्याला अगदी परकीही नाही. नांदेड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं आणि त्या राज्याच्या राजधानीत, १९०१ साली नवाब जफर जंग यांनी सुरू केलेल्या निजामिया वेधशाळेने जगाच्या छायाचित्रीय तारका-नकाशातला एक वाटा उचलला. १९१४ पासून त्यांनी काचेच्या प्लेटांवर जो पट्टा टिपला तो उणे १७ ते उणे २३ अंशांचा, म्हणजे दक्षिणेचाच. अक्षांश पाहून काम वाटून घ्यायचं हे त्यांना कळत होतं. पुण्यात कावसजी नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत मृग तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला तो तर त्याही आधी, १८९० च्या सुमारास. आपल्या हौशी संस्था, १९४४ ची ज्योतिर्विद्या परिसंस्था असो वा १९८५ चं खगोल मंडळ, आकाशदर्शनात तरबेज आहेत. सर्वांनी मिळून आकाशाचा एखादा पट्टा वर्षानुवर्षं टिपायचा, असं काम मात्र छायाचित्रांत उभं राहिलेलं दिसत नाही.

वेलापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. मोठी दुर्बीण नको. १३५ मिलिमीटरची लेन्स, साधा ट्रॅकर, लाल प्रकाशाला मोकळा केलेला कॅमेरा आणि चार-सहा चौकटी जोडण्याचा धीर पुरे. फेब्रुवारीची अमावास्या धरून ते जमतं. एप्रिलमध्ये नरतुरंगातली दीर्घिका एका रात्रीत साडेचार तासांच्या आसपास २० अंशांच्या वर मिळते; तीन-चार रात्री मिळाल्या तर धुळीच्या पट्ट्यातले पदर वेगळे होऊ लागतील. कॅरिनाच्या तेजोमेघाबद्दल मी साशंक आहे. मार्चच्या सुरुवातीला तो जेमतेम ११ अंशांवर येतो, तिथून प्रकाशाला डोक्यावरच्या पाचपट हवेतून यावं लागतं आणि तपशील मिळत नाही. पण कंधारच्या भुईकोट किल्ल्यावर रात्री थांबायची परवानगी मिळाली, तर तटाच्या वर तो लाल ठिपका ठेवून एकाच जागेवरून, एकाच रात्री, दोन चित्रं न चिकटवता घेतलेली चौकट मला बघायला आवडेल. ती बर्लिनहून कुणाला घेता येणार नाही.