भोसले, केशवराव

(९ ऑगस्ट १८९० – ४ ऑक्टोबर १९२१). मराठी संगीत रंगभूमीवरील श्रेष्ठ गायक-नट, नाट्यनिर्माते व ललितकलादर्श नाटक मंडळीचे संस्थापक. जन्म कोल्हापूर येथे. वडील लवकर वारल्यामुळे घरात हलाखी होती. त्यामुळे अगदी लहान वयातच केशवराव स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’तील शारदेच्या भूमिकेने बालनट म्हणून त्यांचे नाव झाले. पुढे ही मंडळी सोडून त्यांनी १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे ललितकलादर्श ही स्वतःची संस्था स्थापन केली. त्या वेळी त्यांना अठरावे वर्षही पुरे झालेले नव्हते.

केशवरावांच्या गायनाची ख्याती उंच पट्टीचा पल्लेदार आवाज, तारसप्तकातील ठाम स्वर आणि चपळ, दाणेदार तान यांवर उभी होती. रामकृष्णबुवा वझे यांच्या तालमीमुळे या नैसर्गिक देणगीला रागदारीची शिस्त लाभली. बालगंधर्वांच्या लडिवाळ व भावानुकूल गायकीशी त्यांची तुलना सतत होत आली. ही तुलना अनेकदा दोन पक्षांच्या कैफियतींसारखी झाली आहे. बालगंधर्वांचे पद प्रसंगातून उमलते, तर केशवरावांचे पद प्रसंगाला खेचून वर नेते, असा भेद स्थूलमानाने करता येईल. त्यात केशवरावांचा दोषही आला : गाण्याच्या आवेगापुढे संवाद मागे पडत आणि ‘वन्समोअर’च्या मागणीपुढे नाटकाची गती थांबे. अर्थात हा दोष त्यांच्या एकट्याचा नव्हे. त्या काळच्या संपूर्ण संगीत रंगभूमीचा तो स्थायीभाव होता आणि प्रेक्षकांनी तो कौतुकाने जोपासला होता.

गायक म्हणून झालेल्या या गौरवाने त्यांचे निर्मात्याचे कार्य मात्र झाकले गेले आहे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये नट-व्यवस्थापकाची परंपरा ऐन भरात होती. हेन्री अर्व्हिंग (१८३८–१९०५) यांच्या मागून हर्बर्ट बीरबोम ट्री यांनी भव्य देखाव्यांच्या शेक्सपिअर-प्रयोगांनी लंडन गाजविले, तर हार्ली ग्रॅनव्हिल-बार्कर यांनी १९०४ ते १९०७ या काळात कोर्ट थिएटरमध्ये नव्या लेखकांच्या नाटकांना रंगमंच मिळवून दिला. केशवरावांमध्ये या दोन्ही प्रवृत्ती एकत्र आढळतात. कोल्हापूरचे चित्रकार आनंदराव व बाबूराव मेस्त्री (बाबूराव पेंटर) यांनी रंगविलेले पडदे त्यांच्या प्रयोगांचे एक आकर्षण होते. त्याचबरोबर नवे लेखन रंगभूमीवर आणण्याचे धाडसही त्यांच्यात होते. ट्री यांच्यापाशी हक्काचे नाट्यगृह होते. मराठी मंडळीचा मालक मात्र नट, साथीदार, आचारी, पडदे व पेट्या असे सारे बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरे आणि त्याचे खरे भांडवल म्हणजे त्याचा गळा. तो बसला की मुक्कामाची चूल विझे. अशा स्थितीत ‘सौभद्र’, ‘मृच्छकटिक’, ‘शारदा’ या हमखास चालणाऱ्या नाटकांवर विसंबून राहणे कोणत्याही मालकाला सोयीचे होते. केशवरावांनी तसे केले नाही. हिराबाई पेडणेकर या स्त्री-लेखिकेचे ‘दामिनी’ त्यांच्या मंडळीने रंगभूमीवर आणले. टपाल खात्यात नोकरी करणारे भार्गवराम विठ्ठल (मामा) वरेरकर यांचे हुंड्याच्या प्रश्नावरील ‘हाच मुलाचा बाप’ आणि धर्मांतराच्या प्रश्नाला हात घालणारे ‘संन्याशाचा संसार’ (१९१९) ही नाटकेही ललितकलादर्शनेच केली.

या निवडींत वऱ्हाडचा वाटा विशेष महत्त्वाचा आहे. अमरावतीचे वीर वामनराव जोशी (१८८१–१९५६) यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे नाटक १९१३ मध्ये केशवरावांनी रंगभूमीवर आणले आणि त्यात मृणालिनीची भूमिका केली. अमरावती व अकोला ही कापसाच्या व्यापारावर वाढलेली शहरे. अकोला मुंबई-नागपूर लोहमार्गावरच असल्यामुळे आणि अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा असल्यामुळे फिरत्या मंडळ्यांना ती सोयीची होती. हंगामात शेतकरी व अडते यांच्या हाती पैसा खेळे आणि नाटकांनाही गर्दी होई. अमरावतीचे लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) हे नाट्यकलेचे मोठे चाहते व आश्रयदाते. अकोला व खामगावकडे वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी ‘वीरतनय’पासून (१८९६) नाट्यसंगीताला पारशी-उर्दू चालींचे नवे वळण दिले होते. मोठ्या संगीत मंडळ्या उदयास आल्या त्या पुणे, कोल्हापूर, हुबळी या पट्ट्यात. वऱ्हाडने त्यांना प्रेक्षक, आश्रयदाते आणि लेखक दिले. वऱ्हाडच्या नाट्यप्रेमाचे वर्णन करताना आश्रयाचाच उल्लेख होतो आणि लेखनाचा विसर पडतो, हे नोंदविणे आवश्यक आहे.

वामनरावांचे नाटक स्वीकारणे हा निव्वळ वाङ्‌मयीन निर्णय नव्हता. १८७६ च्या नाट्यप्रयोग नियंत्रण कायद्याचा धाक कायम होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकावर १९१० मध्ये बंदी आली होती. अशा वेळी राष्ट्रीय वृत्तीच्या लेखकाचे, सत्तालालसेवर बोट ठेवणारे नाटक घेऊन गावोगाव हिंडणे म्हणजे मंडळीचे पोट पणाला लावणे होते. काल्पनिक राजदरबाराची पार्श्वभूमी आणि पदांची रेलचेल यांमुळे नाटकाचा रोख सौम्य झाला. त्यातील भाषा अलंकारांनी जड आहे, घटनांची गुंफण ठिकठिकाणी सैल आहे व अतिरंजितता तर डोळ्यांत भरण्याजोगी आहे. तथापि पल्लेदार स्वगतांना केशवरावांच्या गळ्याची जोड मिळताच तिच्यातून एक प्रकारचे वीरश्रीयुक्त संगीतनाट्य निर्माण झाले. स्त्री-भूमिकेत कोमलतेपेक्षा तेजाला प्राधान्य देण्याची त्यांची पद्धत मृणालिनीला मानवली. इतर नाजूक नायिकांच्या बाबतीत तीच पद्धत काहीशी कडक वाटली असावी. वामनरावांचे पुढचे प्रसिद्ध नाटक ‘रणदुंदुभी’ (१९२७) बळवंत संगीत मंडळीने केले व त्यातील तेजस्विनीच्या भूमिकेत मास्टर दीनानाथ मंगेशकर गाजले. तेजस्वी नायिका आणि झेपावणारी तान यांचा हा मेळ प्रथम ललितकलादर्शने जमविला होता.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ ललितकलादर्श व गंधर्व नाटक मंडळी यांनी मिळून खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मालक एका रंगमंचावर उभे राहिल्याने हा ‘संयुक्त मानापमान’ दंतकथेसारखा झाला आणि त्यातील जयपराजयाची चर्चा अनेक वर्षे चालू राहिली. रंगभूमीच्या इतिहासाच्या दृष्टीने या चर्चेला फारसे मोल नाही. स्त्री-भूमिकांतून बाहेर पडलेल्या केशवरावांना त्या रात्री आपल्या आवाजाला साजेशी पुरुष-भूमिका पूर्णपणे सापडली होती, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. तिचा विकास मात्र पाहावयास मिळाला नाही. तीन महिन्यांच्या आतच विषमज्वराने, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मालक-नटाबरोबर मंडळी बुडण्याचे उदाहरण त्या काळी नवे नव्हते. ललितकलादर्श मात्र टिकली. व्यंकटेश बळवंत (बापूराव) पेंढारकर यांनी ती सांभाळली आणि वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ (१९२२) रंगभूमीवर आणून नवे नाटक करण्याचा केशवरावांचा शिरस्ता चालू ठेवला, पु. श्री. काळे यांच्या नेपथ्याने त्या प्रयोगाला वास्तव रूप दिले. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला १९५७ मध्ये केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जन्मदिनाच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.