'प्लुटोपिया' : दोन नगरें आणि एक नदी

पाण्याची शंका आली म्हणजे तें गाळून घ्यावें, त्यांत तुरटी फिरवावी, तें खळखळून उकळावें, हे उपाय आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. आणि पटकीच्या किंवा विषमज्वराच्या सांथींत त्यांनीं असंख्य कुटुंबें वांचविलीं यांत संशय नाहीं. या सर्व उपायांच्या मुळाशीं एक विश्वास आहे. पाण्याचा दोष डोळ्यांस, नाकास किंवा जिभेस थोडाबहुत कळतो, आणि जो कळत नाहीं तो अग्नीनें नाहींसा होतो, हा तो विश्वास. शिसें व सोमल यांनीं त्यास पूर्वींच अपवाद दाखविले होते. परंतु अणुशक्तीच्या युगांत जें विष नदीनाल्यांत उतरलें त्यानें या विश्वासाचा पायाच काढून घेतला. स्ट्राँशियमचा किरणोत्सर्गी प्रकार मिसळलेलें पाणी स्फटिकासारखें निर्मळ असूं शकतें, त्यास रुचि नाहीं, गंध नाहीं, आणि तें उकळलें तर पाणी तेवढें आटतें, स्ट्राँशियम भांड्यांतच राहतें. अशा पाण्याविषयीं जें कांहीं कळावयाचें तें दुसऱ्या कोणीं सांगितलें तरच कळतें. सांगणारा गप्प बसला तर काय होतें, याचा वृत्तान्त प्रस्तुत ग्रंथांत आहे.

केट ब्राउन या अमेरिकन इतिहासकार विदुषींचा 'प्लुटोपिया' हा ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें २०१३ सालीं प्रसिद्ध केला. वरवर पाहतां तो दोन शहरांचा इतिहास आहे. एक वॉशिंग्टन राज्यांतील रिचलंड. दुसरें उरल पर्वताच्या पूर्वेचें ओझ्योर्स्क, ज्यास कित्येक वर्षें नकाशावर जागा नव्हती आणि जें 'चेल्याबिन्स्क-४०' या सांकेतिक नांवानें ओळखलें जाई. पहिल्यानें हॅनफर्डच्या व दुसऱ्यानें मायाकच्या प्लुटोनियम-कारखान्यास माणसें पुरविलीं. या नगरांतून राहणाऱ्या कुटुंबांस सरकारनें स्वस्त घरें, उत्तम शाळा, भरलेलीं दुकानें आणि इतरांस दुर्लभ असें स्वास्थ्य दिलें; त्याच्या मोबदल्यांत त्यांनीं बोलण्याचा हक्क व स्वतःच्या शरीराविषयीं जाणून घेण्याचा हक्क सोडून दिला. एक देश लोकसत्तेचा व दुसरा हुकुमशाहीचा, तरीहि हा सौदा दोहींकडे एकाच नमुन्याचा झाला, असें बाईंचें म्हणणें आहे. रिचलंडच्या शाळेचे खेळाडू 'बॉम्बर्स' या नांवानें मिरवितात, आणि ओझ्योर्स्कच्या बहुसंख्य रहिवाश्यांनीं सोव्हिएट सत्ता लयास गेल्यावरहि शहराभोंवतालचें कुंपण राहूं द्यावें असेंच मत दिलें. कुंपण आपणांस कोंडण्यासाठीं नसून बाहेरच्यांस थोपविण्यासाठीं आहे, ही समजूत किती खोल रुजली होती हें यावरून दिसतें.

ग्रंथाचा हा भाग वाचनीय आहे, आणि टीकाकारांनीं त्याचीच वाखाणणी अधिक केली. आमच्या मतें त्याचा प्राण अन्यत्र आहे. कुंपणाच्या आंतील सुखाची किंमत कुंपणाबाहेरील कोणीं तरी चुकविली, आणि ती पाण्याच्या रूपानें चुकविली, हें बाई जेथें दाखवितात तेथें त्यांच्या लेखणीस खरी धार चढते.

मायाकचा कारखाना १९४८ सालीं सुरू झाला. प्लुटोनियम वेगळें काढल्यावर जो जहाल कचरा उरे, त्यासाठीं टाक्या पुरेनात. नव्या बांधावयाच्या तर वेळ व पैसा जाणार, आणि मॉस्कोस बाँब हवा होता. म्हणून १९४९ पासून तो कचरा तेचा नदींत सोडूं लागले. १९५६ पर्यंत सुमारें साडेसत्तावीस लक्ष क्यूरी इतका किरणोत्सर्ग या नदींत गेला, आणि त्यांतील जवळ जवळ सगळा मार्च १९५० ते नोव्हेंबर १९५१ या दीड-पावणेदोन वर्षांतच गेला. तेचा कांहीं महानदी नव्हे. दलदलींतून रेंगाळत जाणारी ती लहानशी नदी, लांबी अवघी दोनशें चाळीस किलोमीटर. तिच्या कांठीं एकेचाळीस गांवें होतीं. रशियन, तातार, बाष्कीर अशी मिश्र वस्ती. पुष्कळ ठिकाणीं विहिरी थोड्या, तेव्हां पिण्याचें पाणी नदीचेंच. तेंच गुरांस, तेंच बागेस, त्यांतच मुलें डुंबत आणि त्याच कांठचें गवत खाऊन गाई दूध देत.

१९५१ च्या उन्हाळ्यांत पाहणीस आलेल्या तज्ज्ञांस काय झालें आहे हें कळून चुकलें. कचऱ्याचा मोठा लोट कारचाय नांवाच्या तळ्याकडे वळविण्यांत आला, विहिरी खणण्यांत आल्या, नदीचें पाणी वापरण्यास मनाई झाली. मनाई कां, तें मात्र कोणासच सांगितलें नाहीं. जी नदी पिढ्यांपासून पाजते आहे ती आज कां वर्ज्य, हें न सांगतां दिलेला हुकूम कोणती गृहिणी पाळील? विहिरीचें पाणी मचूळ लागलें कीं घागर पुन्हा नदीकडे वळणार, हें सांगावयास तज्ज्ञ कशास हवा? येथें बाईंचें लेखन उत्कृष्ट उतरलें आहे. त्यांनीं कोणासहि राक्षस केलेलें नाहीं. अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत. कित्येक मनांतून व्यथित आहेत. आणि प्रत्येकानें आपापल्या कप्प्यापुरतें मौन पाळलें आहे. स्ट्राँशियम हें शरीरांत चुन्याच्या द्रव्यासारखें वागतें व हाडांत घर करतें. वाढत्या मुलांच्या हाडांत अधिकच. डॉक्टरांनीं या लोकांच्या दांतांतील किरणोत्सर्ग मोजला, रक्त तपासलें, नऊशें चाळीस जणांस दीर्घकालीन किरणव्याधि झाल्याचें निदान नोंदविलें, आणि नोंदवह्या कुलपांत ठेवल्या. सुमारें साडेसात हजार लोक हळूहळू दुसरीकडे हलविण्यांत आले. कारखान्यापासून सात किलोमीटरांवरचें मेट्लिनो त्यांत होतें. अठ्ठ्याहत्तर किलोमीटरांवरचें मुस्ल्युमोवो नव्हतें. तेथील लोकांचें स्थलांतर २००६ नंतर सुरू झालें, आणि त्यांपैकीं अनेकांस जें नवें गांव मिळालें तें जुन्यापासून दोनच किलोमीटरांवर, त्याच नदीच्या आसपास.

इतकें म्हटल्यावर मतभेदाचीं स्थळेंहि दाखविलीं पाहिजेत. दोन देशांची जोडी सारखी दिसावी या हौसेनें बाईंनीं दोन नद्यांचीहि जोडी लावली आहे, आणि तेथें त्यांचा तोल सुटतो. हॅनफर्ड येथें १९४४ पासून १९७१ पर्यंत कोलंबिया नदीचें पाणी अणुभट्ट्यांतून खेळवून, थोडा वेळ हौदांत थोपवून, पुन्हा नदींत सोडीत. खालच्या अंगास पॅस्को व केनेविक हीं गांवें त्याच नदीचें पाणी नळानें पीत होतीं, व त्यांसहि कोणीं विचारलें नव्हतें. हा अपराध लहान नव्हे. परंतु कोलंबिया ही प्रचंड प्रवाहाची नदी, आणि त्या पाण्यांतील पुष्कळसे किरणोत्सर्गी पदार्थ अल्पायुषी. सोडियमच्या एका प्रकाराचें तेज पंधरा तासांत निम्म्यावर येतें. तेचांत गेलेल्या स्ट्राँशियमला निम्मे व्हावयास सुमारें एकोणतीस वर्षें लागतात. दोहींकडील मौन सारखें होतें, पाणी सारखें नव्हतें. प्रत्येक कारखान्यानें निदान वीस कोटी क्यूरी बाहेर टाकले, म्हणजे चेर्नोबिलच्या दुप्पट, ही बाईंची बेरीजहि आम्हांस याच कारणासाठीं खटकते. तासांत विझणारें आणि शतकभर टिकणारें, तळ्यांत सांठलेलें आणि घागरींतून घरांत आलेलें, हें सर्व एका रकमेंत मांडलें म्हणजे आंकडा मोठा होतो, अर्थ लहान होतो.

दुसरा मतभेद अधिक गंभीर आहे. सरकारी नोंदी कुलपांत होत्या, म्हणून नदीकांठच्या माणसांच्या तोंडची हकीकत आणि त्यांचीं जीर्ण शरीरें हाच पुरावा मानावा, असें बाईंचें धोरण आहे. चेर्नोबिलवरील त्यांच्या २०१९ च्या ग्रंथांतहि तेंच दिसतें. यांतील न्यायबुद्धि आम्हांस मान्य आहे. ज्यानें कागद लपविला त्यानेंच पुढें पीडिताजवळ कागद मागावा, यासारखा निलाजरेपणा नाहीं. पण थकवा, सांधेदुखी, वंध्यत्व, मुलांचे आजार, असें जें जें कोणीं सांगितलें तें तें नदीच्या खात्यावर चढविण्याची घाई बाई कधीं कधीं करतात. दारिद्र्य, दारू व कारखानदारीचा इतर धूर यांचाहि त्या प्रांतांत वाटा होता. सर्वच दुखणीं नदीचीं म्हटलीं कीं प्रतिपक्षाचें काम सोपें होतें. जीं खरोखरच नदीनें दिलीं तींहि तो मग नाकारूं शकतो, आणि यांत नुकसान होतें तें भरपाई मागणाऱ्या म्हाताऱ्यांचें. तेचाकांठच्या सुमारें तीस हजार लोकांची जी दीर्घकालीन पाहणी झाली, तिच्या २००५ पासून प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रक्ताचा व इतर अवयवांचा कर्करोग किरणांच्या मात्रेबरोबर वाढल्याचें दाखविलें आहे. हें काम ज्या वैद्यकपरंपरेनें केलें, तिच्याविषयीं बाईंस संशय आहे, व तो सकारणहि आहे. तरी तिच्याच हातून गांवकऱ्यांच्या बाजूची एवढी भक्कम साक्ष निघाली, या विलक्षण गोष्टीस ग्रंथांत तिच्या योग्यतेइतकी जागा मिळालेली नाहीं.

भाषा सुबोध आहे, प्रकरणें आंखूड आहेत, आणि बाई स्वतः गांवोगांव हिंडतांना दिसतात, त्यामुळें पांडित्याचा भार कोठें जाणवत नाहीं. पुढील आवृत्तींत कोणता पदार्थ नदींत किती काळ टिकतो, शरीरांत कोठें बसतो आणि घरच्या कोणत्या उपायानें जातो वा जात नाहीं, याचें दोन पानांचें परिशिष्ट जोडल्यास सामान्य वाचकाची मोठी सोय होईल; आणि त्या परिशिष्टापुढें ती क्यूरींची बेरीज ठेवण्याचें कारणहि उरणार नाहीं.