बेणारेबाईंचा खटला

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यातील पुरुषी दंभाची चर्चा पुष्कळ झाली आहे. माझ्यासारख्या शहापूरच्या वकिलाचे लक्ष मात्र त्यातील न्यायदानाकडे अधिक वेधले जाते.

हौशी नटांची मंडळी वेळ घालविण्याकरिता अभिरूप न्यायालय मांडते व शिक्षिका लीला बेणारे हिला आरोपी करते. आरोप भ्रूणहत्येचा. फिर्यादी पक्षाचे आणि आरोपीचेही वकीलपत्र एकट्या सुखात्म्यांकडे. न्यायाधीश काशीकर आसन सोडून स्वतःच साक्ष देतात. ऐकीव गोष्टींचा पुरावा होतो. ज्या प्राध्यापक दामल्यांचे ते अपत्य, ते गैरहजर. त्यांच्यावर आरोप नाही. शेवटी निकाल असा की, तिच्या उदरातील गर्भ नष्ट करावा! भ्रूणहत्येच्या आरोपास भ्रूणहत्येचीच शिक्षा. गर्भपाताला मर्यादित मुभा देणारा कायदा १९७१ साली झाला. म्हणजे त्या वेळी हा निकालच दंडसंहितेप्रमाणे गुन्हा होता. इतका भेदक उपरोध मराठी नाटकात क्वचितच आढळेल.

बेणारे आपल्या होणाऱ्या मुलास बापाचे नाव मिळावे म्हणून एकेका पुरुषापुढे पदर पसरते. येथे वकील अडखळतो. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने अविवाहित मातेच्या अपत्याची पहिली नैसर्गिक पालक माताच मानली आहे, पिता तिच्यानंतर. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने अशा अपत्याच्या पोषणाचा भार पित्यावरही टाकला. हे रंगमंचावरील एकाही पात्रास ठाऊक नसावे, हा मला प्रथम नाटककाराचा दोष वाटला होता. पुनर्वाचनानंतर मत बदलले. कायदा ग्रंथात असतो आणि निवाडा चारचौघांच्या बैठकीत होतो, हेच तर तेंडुलकरांना दाखवावयाचे आहे.

उणीव आहे ती निराळी. नाटक शिक्षेपाशी थांबते. एकटी माता उद्या घरभाडे कसे देईल, मुलाला शाळेत कोणत्या नावाने घालील, हा संसार त्यात नाही. पतितेचे अश्रू आमच्या रंगभूमीस परिचित आहेत. तिची चूल नाही.

ती चूल आपल्या भागात शोधण्यास दूर जावे लागत नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर देवीला वाहिलेल्या मुलींनी पुढे एकटीने मुले वाढविली. मुंबई इलाख्याने १९३४ साली आणि कर्नाटकाने १९८२ साली ही प्रथा कायद्याने निषिद्ध केली; परंतु छापील अर्जावरील ‘वडिलांचे नाव’ हा रकाना त्या मुलांच्या पाठीशी लागून राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिल्लीच्या एका अविवाहित मातेच्या प्रकरणात, पित्याचे नाव उघड न करता व त्यास नोटीस न देता तिला पालकत्व मागता येते, असा निर्णय दिला. जन्मदाखलाही तिच्या प्रतिज्ञापत्रावर मिळावा, असे सांगितले. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता यांची अडचण वेगळी. तरी रकाना तोच.

आपण देवळाशी जोडलेली माणसे. गोत्रोच्चाराशिवाय आपला संकल्प होत नाही. म्हणून छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाचे स्मरण आपण विशेषेकरून ठेवावे. पुत्राने गोत्र विचारले असता ते आपणास ठाऊक नाही, असे जबालेने सरळ सांगितले. त्यानेही ते गुरुगृही जसेच्या तसे सांगितले. गौतमाने त्या सत्यवचनावरून त्यास उपनयनास योग्य मानले, आणि तो आईच्याच नावाने सत्यकाम जाबाल म्हणून प्रसिद्ध झाला.

काशीकरांचे कोर्ट आणि गौतमाचा आश्रम, दोन्ही आपल्याच परंपरेतील बैठका होत. आपल्या देवस्थानांच्या व ज्ञातिसंस्थांच्या विद्यार्थी-साहाय्याच्या अर्जांवर आईची एकटीची सही पुरेशी मानावी, एवढा एक ठराव झाला तरी आपण कोणत्या बैठकीत बसलो आहोत, हे ठरून जाईल.