न्यू रॉसचा कोळसेवाला

आयर्लंडच्या आग्नेय भागात, वेक्सफर्ड परगण्यात, बॅरो नदीकाठी न्यू रॉस नावाचे एक लहान गाव आहे. गावाला आपल्या वारशाचा अभिमान आहे आणि तो त्याने नदीच्या धक्क्यावर मांडूनही ठेवला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बटाट्याच्या दुष्काळात भुकेली माणसे अमेरिकेकडे नेणाऱ्या 'डनब्रॉडी' जहाजाची प्रतिकृती तिथे उभी आहे. त्याच काळात ह्या परिसरातून केनेडी घराण्याचा पूर्वज परदेशी गेला. त्याचा पणतू अमेरिकेचा अध्यक्ष होऊन १९६३ च्या जूनमध्ये ह्या धक्क्यावर आला.

क्लेअर कीगन ह्यांची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' (२०२१) ही कादंबरिका ह्याच गावात घडते. पण ती आपल्याला टेकडीवरच्या मठाकडे नेते. साल १९८५, नाताळाच्या तोंडचे दिवस. बिल फर्लाँग कोळसा आणि सरपण विकून बायको व पाच मुलींचा संसार चालवतो. मठात माल पोचवायला गेला असता कोळशाच्या कोठीत कोंडलेली एक पोर त्याला सापडते. मठाच्या धुलाईघरात 'पाऊल घसरलेल्या' मुलींना राबवले जाते, ह्याची कुणकुण गावाला असतेच. परंतु कळून न कळल्यासारखे वागणे हा गावाचा रिवाज.

लेखिकेने ह्यात राक्षस रंगवलेला नाही, ही मला तिची मोठी ताकद वाटते. मठाची प्रमुख फर्लाँगला चहा पाजते, नाताळाचे पैसे हातावर ठेवते आणि बोलता बोलता त्याच्या मुलींच्या शाळेचा विषय काढते. मुलींची चांगली शाळा मठाच्याच छायेत आहे. शाळेतली एक जागा हे केवढे हत्यार असते, हे माझ्यासारख्या शाळामास्तराला समजावून सांगावे लागत नाही. फर्लाँगची बायको आयलीन त्याला गप्प राहायला सांगते, तीही दुष्ट म्हणून नव्हे. पाच लेकींचा हिशेब तिच्या पदरी आहे.

एक आक्षेप येईल. खुद्द न्यू रॉसमधले धुलाईघर १९६७ मध्येच बंद झाले होते. मग १९८५ कशाला? माझे उत्तर असे : देशातले शेवटचे धुलाईघर डब्लिनला १९९६ पर्यंत चालू होते. १९२२ पासून दहा हजारांहून अधिक बायकामुली ह्या घरांत गेल्याचे सरकारी चौकशीत निघाले आणि २०१३ मध्ये पंतप्रधान एंडा केनी ह्यांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली. साल अलीकडे ओढल्यामुळे वाचकाला 'ते आजोबांच्या वेळचे' म्हणून सुटता येत नाही. गावाच्या इतिहासाशी हे जुळत नसले, तरी देशाच्या इतिहासाशी इमान राखून आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. फर्लाँगच्या मनाचा कोपरान् कोपरा आपल्याला दिसतो. तो स्वतः कुमारी मातेचा मुलगा. एका प्रॉटेस्टंट विधवेने त्या दोघांना आसरा दिला नसता तर त्याची आईही अशाच भिंतीआड गेली असती, हे त्याला उमजते. पण त्या मुलीचे काय? ती आपल्या चौदा आठवड्यांच्या बाळाविषयी विचारते, आणि ते बाळ कथेतून नाहीसे होते. एका भल्या पुरुषाची कसोटी पाहता पाहता जिच्यावर अन्याय झाला तीच मुकी राहिली.

शेवट मात्र मला पुरता पटला. अनवाणी मुलीला घेऊन फर्लाँग भर गावातून घराकडे निघतो. दार उघडण्याआधीच कथा थांबते. कित्येकांना हे अर्धवट वाटेल. परंतु कोठीची कडी काढणे सोपे होते. ओळखीच्या चेहऱ्यांसमोरून तिला घेऊन चालणे हेच अवघड, आणि ते लेखिकेने पुरते लिहिले आहे. उपाशी पोटी जहाजात बसलेल्यांना गावाने धक्क्यावर मानाची जागा दिली. कोठीत कोंडलेलीलाही त्याच वारशात मोजावे लागेल, एवढेच ही शंभर-सव्वाशे पाने आवाज न चढवता सांगतात.