नाव एक, खेळ दुसराच: व्हिडिओ गेमच्या शीर्षकांविषयी

कादंबरीचे शीर्षक वाचनाला दिशा देते, परंतु व्हिडिओ गेममध्ये खेळाडू नुसता पाहत नसून स्वतः काही करत असल्यामुळे तेथील शीर्षकाची कसोटी वेगळी ठरते: त्या करण्याशी नावाचे नाते काय, हे तेथे पाहावे लागते. आर्केडच्या, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या काळात हा प्रश्न फारसा उद्भवला नाही, कारण 1978 च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'चे नावच त्यातली सारी कथा सांगून मोकळे होत असे. 'द लेजंड ऑफ झेल्डा'ने (1986) मात्र नाव राजकन्येचे ठेवून सूत्रे लिंक नावाच्या मुलाच्या हाती दिली, आणि नवख्यांचा त्यावरून होणारा घोटाळा अद्याप संपलेला नाही.

नाव आणि खेळ यांची ताटातूट कशी होते, हे 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये स्पष्ट दिसते. कॅपकॉम या जपानी कंपनीने 1996 मध्ये जपानात 'बायोहॅझर्ड' या नावाने आणलेल्या या भयखेळाला अमेरिकेत ते नाव वापरता येईना, म्हणून 'घरात ठाण मांडून बसलेले अरिष्ट' असे सुचवणारे नवे नाव शोधले गेले, आणि पहिला खेळ एका प्रशस्त वाड्यात घडत असल्याने ते चपखल बसलेही. पुढच्या भागांत कथा शहराच्या रस्त्यांवर आणि नंतर स्पेनमधल्या खेड्यात गेली. वाडा मागे पडला आणि नाव केवळ व्यापारी मुद्रा होऊन उरले. 2017 च्या सातव्या भागाने लुइझियानातील एका घरात परतून त्या नावाला पुन्हा अर्थ मिळवून दिला, हे श्रेय द्यायलाच हवे; 2021 च्या 'व्हिलेज'च्या अक्षरांत रोमन आठ दडवण्याची क्लृप्ती मात्र कलेपेक्षा वेष्टनाच्या खात्यावर जमा होते.

याउलट लुकास पोप यांच्या 'पेपर्स, प्लीज'चे (2013) शीर्षक हे खेळाडूच्याच तोंडचे वाक्य आहे. आर्स्टोत्स्का या काल्पनिक देशाच्या सीमेवरील चौकीत तो पारपत्रे तपासतो, शिक्के मारतो आणि तपासलेल्या माणशी मिळणाऱ्या पैशांवर घरच्यांचे अन्न व ऊब भागवतो. कागदपत्रे पूर्ण असलेला नवरा पुढे जातो, मागून आलेल्या बायकोकडे प्रवेश-परवाना नसतो, आणि तेव्हा 'प्लीज' या शब्दातला सरकारी सभ्यपणा किती निष्ठुर आहे हे शिक्का हातात धरलेल्या खेळाडूलाच उमगते.

फुमितो उएदा यांच्या 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये (2005) शीर्षकाचा अर्थ हळूहळू उलगडतो. मृत मुलीला जिवंत करण्यासाठी नायक सोळा महाकाय जीव मारतो, आणि प्रत्येक वधानंतर त्यांच्या देहातून निघालेले काळे तंतू त्याच्या अंगात शिरून त्याची कांती उत्तरोत्तर विटत जाते; त्यामुळे आरंभी त्या जिवांची वाटणारी सावली अखेरीस नायकाचीच ठरते. जपानी शीर्षकात नायक आणि महाकाय यांचा नुसता उल्लेख आहे, म्हणजे परदेशी बाजारासाठी बदललेले नाव येथे मूळ नावाहून सरस ठरले.

भारतीय खेळांपैकी पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' (2020) या कसोटीला अर्धाच उतरतो. चपळ कसरती करत धाकट्या भावाला शोधणारी राजी आपले नाव सार्थ करते, परंतु 'एपिक' म्हणजे महाकाव्य हे बिरुद लावलेला हा आटोपशीर खेळ कथेला ऐन रंगात आणून मध्येच थांबतो.